गळ्याला इजा झाली तर: मदत येईपर्यंतची काही मिनिटं

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मेलबर्नमध्ये क्रिकेटच्या नेटमध्ये सराव करणाऱ्या एका १७ वर्षांच्या खेळाडूच्या मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, मान उघडी होती. बातमी वाचताना अनेकांना २०१४ चा नोव्हेंबर आठवला असेल. सिडनीच्या मैदानावर ६३ धावांवर खेळणारा ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज असाच हेल्मेटच्या खाली चेंडू लागून कोसळला होता. बाहेरून जखम अशी दिसतच नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाला आइस हॉकीतली घटना आहे. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या खेळाडूचा गळा दुसऱ्या खेळाडूच्या स्केटच्या पात्याने कापला गेला. प्रेक्षकांनी भरलेल्या स्टेडियमसमोर हे घडलं आणि तो वाचला नाही.

अशा बातम्या वाचल्या की मनात येतं, तिथे आपण असतो तर काही करता आलं असतं का? खरं सांगायचं तर काही वेळा काहीच नाही. ह्यूजच्या मेंदूकडे जाणारी मानेच्या मागच्या बाजूची धमनी फाटली होती आणि मेंदूभोवती रक्त पसरलं होतं. त्यावर मैदानात कुणाकडेच उपाय नव्हता. पण काही वेळा सगळं शेजारच्या माणसावरच अवलंबून असतं. २२ मार्च १९८९ ला अमेरिकेतल्या बफेलोमध्ये क्लिंट मलारचुक या आइस हॉकीच्या गोलरक्षकाच्या मानेतली मोठी नीला स्केटच्या पात्याने कापली गेली. संघाचा ट्रेनर जिम पिझुटेली पूर्वी व्हिएतनाम युद्धात सैन्यात वैद्यकीय सहायक होता. त्याने धावत जाऊन जखमेत हाताने दाब दिला आणि डॉक्टरांच्या ताब्यात देईपर्यंत सोडला नाही. मलारचुक वाचला, आणि पुढे खेळलाही. त्या क्षणी कामी आली ती फक्त बोटं, आणि ती कुठे ठेवायची याची माहिती.

## एवढ्याशा जागेत काय काय असतं

मानेच्या पुढच्या भागात मधोमध कडक लागतं ते स्वरयंत्र. त्याच्या खाली श्वासनलिका. तिच्या मागे अन्ननलिका, आणि अगदी मागे मानेचे सात मणके व त्यांच्यातून जाणारा मज्जारज्जू. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की ठोके लागतात, त्या मेंदूला रक्त पोचवणाऱ्या मोठ्या धमन्या. त्यांना लागूनच मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या नीला आहेत. आवाजाच्या, गिळण्याच्या, श्वासाच्या पडद्याला हलवणाऱ्या नसाही इथूनच जातात.

छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटी आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला मात्र कातडी आणि तिच्याखाली कागदासारखा पातळ स्नायू, एवढंच. जखम या पातळ स्नायूच्या आत गेली आहे की नाही, हाच डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. आत गेली नसेल तर चार टाक्यांत काम होतं. गेली असेल तर बाहेरून ती कितीही लहान दिसो, ती गंभीर धरली जाते. म्हणून गळ्याच्या बाबतीत जखमेच्या आकारावर अजिबात जाऊ नये. लांबलचक, भीतीदायक दिसणारी चीर वरवरची निघू शकते आणि टोकदार वस्तूचं एवढंसं छिद्र धमनीपर्यंत पोचलेलं असू शकतं. किती खोल आहे हे बघायला बोट किंवा काडी घालण्याचा मोहही टाळायचा. आत धरलेली रक्ताची गुठळी त्याने सुटते.

आता घाई कशाची, तेही पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं ४० टक्के गेलं की जीव धोक्यात येतो, आणि मानेतली मोठी धमनी उघडी पडली तर तेवढं जायला काही मिनिटं पुरतात. दुसरीकडे श्वासाची वाट बंद झाली तर मेंदूला कायमची इजा व्हायला ४ ते ६ मिनिटं लागतात. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी या वेळात पोचेलच असं नाही. गळ्याच्या प्रथमोपचारात दुरुस्ती आपल्याकडे नाहीच. रक्त थोपवायचं आणि श्वासाची वाट मोकळी ठेवायची, एवढ्या दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत.

## रक्त वाहतंय: फडकं नको, बोट

रक्त पाहिल्यावर माणूस हाताला येईल तो टॉवेल, ओढणी, शर्ट जखमेवर टाकतो आणि वरून तळहाताने दाबतो. मायेने केलेलं असतं, पण मानेत ते पुरत नाही. बागेतला पाण्याचा पाइप एका जागी फुटला तर त्यावर गोधडी टाकून पाणी थांबत नाही. गोधडी भिजते आणि पाणी खालून वाहत राहतं. भोकावर नेमका अंगठा ठेवला की थांबतं. इथेही तसंच आहे. भरपूर कापडाने रक्त शोषलं जातं, थांबत मात्र नाही, आणि ते कापडात दिसेनासं झाल्याने आपल्याला उगाच धीर येतो.

म्हणून आधी जखम नीट दिसू द्या. कॉलर, स्कार्फ, साखळी, जे असेल ते बाजूला करा किंवा कापा. रक्त नेमकं कुठून येतंय ते एक क्षण पाहा. मग गॉझ किंवा स्वच्छ कापडाची छोटी घडी त्या जागी ठेवून दोन-तीन बोटांनी थेट तिथेच दाबा. दाबाची दिशा सरळ मागे, मणक्यांच्या दिशेने असू द्या. मधल्या श्वासनलिकेकडे ढकलू नका. स्वच्छ कापड शोधण्यात वेळ जात असेल तर नुसती बोटं चालतात. जंतुसंसर्गावर नंतर औषध मिळतं. हातमोजे असतील तर उत्तम, नसतील तर हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवता येते. तीही नसेल तर जखमी शुद्धीत असल्यास त्याचाच हात जखमेवर ठेवून दाबायला सांगा. २००८ मध्ये रिचर्ड झेडनिक या आइस हॉकीपटूची मानेतली धमनी कापली गेली, तेव्हा तो स्वतःच गळा धरून मैदानाबाहेर आला होता. तोही वाचला.

उसळ्या मारत येणारं लालभडक रक्त धमनीचं आणि संथ वाहणारं गडद रक्त नीलेचं, असं शिकवलं जातं. खरं आहे, पण दोन्हीला उपचार तोच असल्याने हे ओळखण्यात क्षणभरही घालवू नये.

एकदा दाबलं की उचलून पाहायचं नाही. थांबलं का, एवढं बघायला हात काढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक असावी. रक्त गोठायला अखंड दाब लागतो. दर मिनिटाला हात काढला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मदत येईपर्यंत दाब तसाच राहू द्या. हात थकला तर दुसऱ्याने आपल्या बोटांवर बोटं ठेवावीत, मग आपण खालून हात काढावा. दाबूनही रक्त बाजूने जोरात येतच असेल तर दाब चुकीच्या जागी आहे. तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, कापड काढून जागा पुन्हा शोधायची. मानेच्या कडेची जखम खोल असेल तर प्रशिक्षण घेतलेला माणूस गॉझची पट्टी जखमेच्या आत बोटाने भरत जातो आणि मग वरून दाबतो. हातापायाला वरच्या बाजूने आवळपट्टा बांधून रक्त थांबवता येतं, तशी सोय मानेत नाही, म्हणून ही पद्धत.

## गळ्याभोवती काहीही गुंडाळायचं नाही

हात मोकळा करायला पट्टी बांधावी असं वाटणं साहजिक आहे. डोक्याला, गुडघ्याला बांधतात तशी गोल पट्टी गळ्याला बांधली तर मात्र ती फासाचं काम करते. त्यातच आतल्या आत रक्त साचून मान सुजत असेल तर सैल बांधलेली पट्टीही काही मिनिटांत घट्ट होते. पट्टी बांधायचीच वेळ आली, म्हणजे आपण एकटेच आहोत आणि जखमीला हलवावं लागणार आहे, तर जखमेवर कापडाची जाड घडी ठेवून पट्टी तिच्यावरून तिरकी खाली, दुसऱ्या बाजूच्या काखेतून काढून परत वर आणायची. म्हणजे उजव्या बाजूच्या जखमेची पट्टी डाव्या काखेतून जाईल. दाब एकाच बाजूला पडतो आणि गळ्याचा मधला भाग मोकळा राहतो. तरी बोटांइतकी खात्री या पट्टीची नाही. दुसरं माणूस असेल तर बोटंच बरी.

## "पण दाबल्याने मेंदूचं रक्त बंद होणार नाही का?"

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो, आणि रास्त आहे. मेंदूला रक्त चार वाटांनी जातं: पुढून दोन मोठ्या धमन्या, आणि मणक्यांच्या भोकांतून जाणाऱ्या मागच्या दोन. कवटीच्या तळाशी या चारही एका वर्तुळात जोडलेल्या असतात. एका बाजूचा प्रवाह काही काळ कमी झाला तर बाकीच्या वाटा बहुतेक लोकांमध्ये गरज भागवतात. सगळ्यांमध्येच हे वर्तुळ पूर्ण असतं असं नाही, त्यामुळे धोका शून्य म्हणता येणार नाही. पण समोर माणूस रक्तस्रावाने मरत असताना हा धोका पत्करावाच लागतो.

दोन्ही बाजू एकाच वेळी दाबणं मात्र कधीही नको. त्याने मेंदूचं रक्त खरंच कमी होतं. शिवाय धमनी जिथे दुभंगते तिथे रक्तदाब मोजणारी एक यंत्रणा असते. तिच्यावर दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि आधीच खाली आलेला रक्तदाब आणखी कोसळतो. श्वासनलिकेचं म्हणाल, तर दाब बाजूला आणि मागच्या दिशेने असेल तर श्वास अडत नाही. जखमी बोलू शकतोय ना, हे मधूनमधून पाहत राहा. दाबल्यावर तो धडपडू लागला, घुसमटू लागला, तर बोटं थोडी बाहेरच्या बाजूला सरकवा.

## बसवायचं की आडवं करायचं?

इथे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि बरेच लोक नेमके इथेच गोंधळतात.

आडवं करण्याच्या बाजूने कारण भक्कम आहे. बसलेल्या माणसाच्या मानेतल्या नीलांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होऊ शकतो. अशा वेळी कापलेली नीला श्वासाबरोबर हवा आत ओढून घेते. तो हवेचा बुडबुडा हृदयात पोचला तर रक्ताचा प्रवाहच अडवतो. आडवं केल्यावर नीलांमधला दाब वाढतो आणि हवा आत शिरण्याची शक्यता घटते. रक्त खूप गेलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या माणसाच्या मेंदूला आडवं झाल्याने रक्तही जरा जास्त मिळतं.

पण तोंडात रक्त येत असेल किंवा स्वरयंत्राला मार बसला असेल तर आडवं करणं घातक ठरू शकतं. रक्त श्वासनलिकेत उतरतं, सुजलेला भाग मागे पडून वाट बंद होते. असा माणूस स्वतःच पुढे वाकून बसतो, हनुवटी पुढे काढतो, झोपवायला गेलं की विरोध करतो. त्याचा हा हट्ट मानायचा. श्वासाची वाट उघडी राहील अशी स्थिती त्याच्या शरीराने शोधलेली असते.

तेव्हा शुद्धीत असलेल्या माणसाला ज्या स्थितीत श्वास घेता येतो, त्याच स्थितीत राहू द्या आणि तोंडातलं रक्त गिळू न देता थुंकू द्या. श्वास सुरळीत असेल, तोंडात रक्त नसेल, पण गरगरत असेल किंवा रंग उडाला असेल तर आडवं करा. शुद्ध हरपली पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे रक्त आणि उलटी बाहेर पडेल. या सगळ्यात जखमेवरची बोटं हलता कामा नयेत.

हवा आत ओढली जाण्याचा धोका बोटांच्या दाबाने आपोआप टळतो. पुढे दाबाच्या जागी पट्टी ठेवायची झाली तर कडेच्या जखमेवर गॉझवर प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा ठेवून मग पट्टी लावावी, म्हणजे हवा शिरायला फट राहत नाही.

## जखमेतून बुडबुडे येत असतील तर

हा नियम वरच्याच्या उलट वाटेल. गळ्याच्या मधोमध जखम आहे, तिच्यातून श्वासाबरोबर फेसाळ रक्त किंवा हवेचा आवाज येतोय, म्हणजे श्वासनलिका उघडी पडली आहे. पाहताना अंगावर काटा येतो आणि हात आपोआप ते भोक बुजवायला जातो. ते करायचं नाही. वरची वाट रक्ताने किंवा सुजेने बंद असेल तर तो माणूस त्याच भोकातून श्वास घेत असतो. कडेने येणारं रक्त बोटाने दाबा, भोकात उतरणारं रक्त पुसत राहा, माणसाला पुढे झुकवून ठेवा, पण भोक मोकळं राहू द्या. हॉस्पिटलमध्ये कित्येकदा डॉक्टर त्याच भोकातून नळी घालून श्वास सुरू ठेवतात.

रुतलेल्या वस्तूचं लोकांना आता बऱ्यापैकी माहीत असतं: काच, पातं, सळई काहीही आत असेल तर उपसायचं नाही. ती वस्तूच फाटलेल्या रक्तवाहिनीला बूच लावून बसलेली असू शकते. दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या लावून ती हलणार नाही असं पाहा आणि दाब वस्तूवर न देता तिच्या कडेने द्या.

## रक्त नाही, पण आवाज बदलला

मला विचाराल तर सामान्य माणसाकडून खरी फसगत इथे होते. उघड्या जखमेला सगळे घाबरतात आणि धावाधाव करतात. पण हँडलवर गळा आपटला, ताणलेल्या तारेत मान अडकली, चेंडू लागला, कुणी गळा आवळला, आणि थोड्या वेळाने माणूस उठून "ठीक आहे" म्हणाला की विषय संपतो.

स्वरयंत्र कूर्चेचं असतं. ते चेपलं किंवा तडकलं तर आतलं अस्तर सुजू लागतं, आणि ही सूज पुढच्या काही तासांत वाढत जाते. सुरुवातीला माणूस चालतो, बोलतो. मग आवाज घोगरा होतो किंवा बसतो, गिळताना दुखतं, थुंकीत रक्त येतं. श्वास आत घेताना शिट्टीसारखा कर्कश आवाज येऊ लागला म्हणजे वाट खूप अरुंद झाली आहे. मानेच्या कातडीखाली बोटाने दाबल्यावर करकर जाणवली तर श्वासनलिकेतून किंवा अन्ननलिकेतून हवा बाहेर झिरपते आहे. यातलं एकही लक्षण दिसलं तर वाट पाहायची नाही. मार लागल्यावर आवाज बदलला, एवढंसुद्धा हॉस्पिटल गाठायला पुरेसं कारण आहे.

दुसरा छुपा धोका धमनीच्या आतल्या अस्तराचा. मान जोरात पिळली गेली, दाबली गेली की हे अस्तर फाटू शकतं. तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी तिचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघाताचा झटका येतो. म्हणूनच गळा आवळला गेलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी. गळ्यावर खूण नाही म्हणून मार नाही, असं मुळीच नसतं. अनेकदा एकही वण दिसत नाही. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, काही क्षण शुद्ध जाणं, लघवी होऊन जाणं, घटना नीट न आठवणं, या गोष्टी वणापेक्षा जास्त बोलक्या आहेत. घरातल्याच कुणी गळा धरला असेल तर ती व्यक्ती हे सांगायला कचरते. तिला एकटीला गाठून, दोष न देता विचारावं लागतं.

कुणी फासात अडकलेलं आढळलं तर गाठ सोडवत बसू नका. आधी शरीर खालून उचलून गळ्यावरचा भार कमी करा, मग दोर कापा. खाली घेताना डोकं आणि मान शक्य तितकी धडाच्या रेषेत ठेवा, आणि लगेच श्वास पाहा. अशी इजा स्वतःच करून घेतलेली असेल तर त्या वेळी "का केलंस" हा प्रश्न नको. जवळ राहा, पातं किंवा दोर नजरेआड करा, आणि जागा सोडू नका.

## "मानेला इजा आहे, मग हलवायचं कसं? कॉलर लावू का?"

मणक्याची भीती खरी आहे, पण ती कुठे लागू होते हे पाहायला हवं. उंचावरून पडणं, वाहनाचा अपघात, उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणं अशा घटनांत मणक्याला इजा झाली असेल असं धरून चालावं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून ते आहे त्या स्थितीत स्थिर धरायचं आणि माणसाला मान न वळवता बोलायला सांगायचं. फक्त कापल्याची किंवा भोसकल्याची जखम असेल तर अस्थिर मणका क्वचितच आढळतो. तिथे कॉलर चढवल्याने जखम झाकली जाते, वाढणारी सूज दिसत नाही, आणि वेळ जातो तो वेगळाच. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने कॉलरच्या वाटेला न जाणं उत्तम.

श्वास थांबला असेल किंवा नुसतीच अधूनमधून उचकीसारखी धाप लागत असेल, तर मणक्याचा विचार मागे ठेवून लगेच सीपीआर सुरू करावा. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. मान मागे न झुकवता खालच्या जबड्याचे दोन्ही कोपरे पुढे उचलले तरी श्वासाची वाट उघडते. तेवढ्याने नाही उघडली तर मान हलकेच झुकवावी. श्वास नसेल तर मणका वाचवून उपयोग नाही. दुसरं माणूस असेल तर त्याने जखमेवरचा दाब चालू ठेवावा.

## पाणी, औषधं आणि घशाच्या आतल्या इजा

घाबरलेल्या माणसाला पाणी देणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. गळ्याच्या इजेत ते देऊ नका. अन्ननलिका फाटली असेल तर पाणी छातीच्या पोकळीत उतरतं आणि तिथला जंतुसंसर्ग जीवघेणा असतो. अन्ननलिकेच्या इजेची लक्षणं उशिरा, ताप आणि छातीत दुखणं अशा रूपात दिसतात, त्यामुळे सुरुवातीला सगळं ठीकच वाटतं. पुढे भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं, हेही आहेच. ओठ ओले करण्यापुरतं कापड चालेल. जखमेवर कुठलीही पूड, मलम किंवा लेप लावू नका; डॉक्टरांना आधी तेच धुवावं लागतं.

आतून झालेल्या इजांचा विषय मोठा आहे, इथे दोनच गोष्टी. ॲसिड किंवा अल्कली पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, कारण तोच जाळ परत त्याच वाटेने वर येतो. तोंड धुवा आणि बाटली बरोबर घेऊन हॉस्पिटल गाठा. लहान मुलाने नाण्यासारखी बटण बॅटरी गिळली असेल किंवा तशी नुसती शंका असेल, तरी सकाळपर्यंत थांबू नका. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते.

## फोन कोण करणार?

ह्यूजच्या मृत्यूनंतर झालेल्या न्यायालयीन चौकशीत एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदली गेली. मैदानावर इतकी माणसं असूनही रुग्णवाहिका बोलवायची कुणी, हे कुणालाच स्पष्ट नव्हतं. फोन व्हायला सहा मिनिटांहून जास्त वेळ गेला, आणि फोन करणाऱ्याकडे पुरेशी माहिती नसल्याने त्या फोनला कमी तातडीचा दर्जा मिळाला. त्याच्या बाबतीत याने निकाल बदलला नसता, असंही चौकशीत म्हटलं आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत बदलू शकेल.

म्हणून "कुणीतरी फोन करा" असं ओरडू नका. एका माणसाकडे बोट दाखवून "निळा शर्ट, तुम्ही फोन लावा आणि काय म्हणतात ते मला सांगा" असं म्हणा. फोनवर पहिल्या वाक्यात गळ्याला इजा, रक्त किती, श्वास घेतोय का, शुद्धीत आहे का, एवढं आलं पाहिजे. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा आणि दाब चालू ठेवा.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर डॉक्टरांना कशाने लागलं, किती वाजता लागलं, अंदाजे किती रक्त गेलं, मधे शुद्ध गेली होती का, आणि आवाज आधीसारखाच आहे का, हे सांगा. घरचं माणूस आवाजातला फरक डॉक्टरांपेक्षा चटकन ओळखतं. वाढत जाणारी सूज, उसळणारं रक्त, जखमेतून हवा किंवा पक्षाघाताची चिन्हं असतील तर थेट शस्त्रक्रियेची तयारी होते. बाकीच्यांची शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी अँजिओग्राफी करतात, म्हणजे रक्तवाहिन्यांचा नकाशा दिसतो. गरज वाटल्यास दुर्बिणीने स्वरयंत्र आणि अन्ननलिकाही पाहतात. सगळं साफ दिसलं तरी काही तास थांबवून ठेवतात, ते सुजेवर लक्ष ठेवायला. "काही निघालं नाही, मग सोडत का नाहीत" म्हणून वाद घालू नये.

घरी आल्यावरही पुढचे काही आठवडे नजर हवी. मानेच्या एका बाजूला किंवा डोक्यात नवीन, चमत्कारिक दुखणं, एका डोळ्याची पापणी खाली येणं, तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, जीभ जड होणं, यातलं काहीही झालं तर लगेच परत जायचं. आणि तिथे गेल्यावर अमुक दिवसांपूर्वी मानेला मार लागला होता, हे सगळ्यात आधी सांगायचं. तरुण माणसाला पक्षाघात झाला असेल अशी शंका डॉक्टरांनाही पटकन येत नाही. या एका वाक्याने ती येते.